चोवीस इंची फ्रेम

१२ ऑक्टोबर १९५८

आज शिरूर ते न्हावरे सायकल शर्यत झाली आणि आमचा मच्छिंद्र पहिला आला. सकाळी नेहमीप्रमाणे दुधाच्या किटल्या शिरूरला घातल्या, कॅरिअर सोडवून दूधवाल्याकडेच ठेवलं आणि तसाच शर्यतीला उभा राहिला. सायकल वडिलांच्या वेळची, बावीस इंची, मडगार्ड वाजणारी. दुसरा आलेला त्याच्या फर्लांगभर मागे होता.

मी पारावर उभा होतो. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. मारुतराव पाटील म्हणाले, गुरुजी, तुमचा भाऊ नाव काढणार. मच्छिंद्र घाम पुसत थेट गोठ्यात गेला. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं होतं म्हणे. एकोणीस वर्षांचा झाला, तरी पोच नाही. सत्काराचा नारळ मीच घेतला.

१९ ऑक्टोबर

शिरूरला पक्की बातमी कळली. सव्वीस जानेवारीला दौंड ते कासुर्डी आणि परत अशी मोठी शर्यत आहे. जवळजवळ पन्नास मैल. रेल्वेचा एक साहेब बक्षीस द्यायला येणार आहे, आणि पहिल्या तिघांना लोको शेडमध्ये नोकरीला चिकटवून घेतो असं तो बोललाय. मच्छिंद्रचं शिक्षण सातवीपर्यंतच. अशी संधी पुन्हा येणार नाही.

१९४३ साली मीही पुण्याच्या शर्यतीला नाव दिलं होतं. दोन महिने रोज पहाटे शिरूरपर्यंत जाऊन येत होतो. वडील अचानक वारले. मच्छिंद्र तेव्हा चार वर्षांचा. नाव मागे घेतलं आणि मास्तरकीला लागलो. असो.

मच्छिंद्रला शर्यतीचं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ की. एवढंच. मी म्हणालो, दुधाच्या सायकलीवर दौंडच्या पोरांपुढे उभं राहता येणार नाही. तो धार काढायला उठून गेला.

२ नोव्हेंबर

दौंडला जाऊन आलो. रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा विलायतेला निघालाय, सामान विकतोय, असं कळलं होतं. त्याची रेसची सायकल व्हरांड्यात टांगलेली होती. निळी, बारीक नळ्यांची, खाली वळलेलं हँडल, ना मडगार्ड ना कॅरिअर. एका हाताने उचलली तर भरल्या घागरीएवढंसुद्धा वजन नाही. चोवीस इंची फ्रेम. साहेब चांगला पावणेसहा-सहा फूट असेल. मला बघून म्हणाला, मास्टर, तुम्हाला छान होईल. मी सांगितलं, माझ्यासाठी नाही, भावासाठी.

खात्री करावी म्हणून स्टेशनजवळच्या रहीम मिस्त्रीकडे नेली. त्याने चाकं फिरवली, नळ्यांच्या जोडांवरून नख फिरवलं, एक डोळा मिटून फ्रेम सरळ आहे का पाहिलं. म्हणाला, माल अस्सल आहे, कुठे चीर नाही. मग विचारलं, बसणार कोण? मी म्हणालो, धाकटा भाऊ. उंची किती? मी म्हणालो, माझ्या खांद्याला लागतो. आईवर गेलाय.

मिस्त्रीने सायकल भिंतीला टेकवली. म्हणाला, “गुरुजी, सीट खाली-वर व्हती, हँडल खाली-वर व्हतं. पन ही मधली नळी जेवढी हाय तेवढीच ऱ्हाती. ज्याला बसायचंय त्याला आना. त्याला बसवल्याबिगर घेऊ नका.”

मग त्याने बरंच समजावलं. साध्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे पसरलेला असतो, म्हणून ती दगडगोट्यातूनही सरळ जाते. हिचा चिमटा उभा आहे. हात हलला की चाक हललंच. त्यात बसणारा ओणवा होऊन हातांवर लोंबकळत असेल, तर सगळा भार तळव्यांवर येतो आणि हिला आवरणं जड जातं. माप घ्यायची त्याची एक रीत आहे. कोपर सीटच्या टोकाला लावायचं आणि हात हँडलकडे सरळ करायचा. बोटं टेकली की लांबी बरोबर. मी लावून पाहिलं. बोटं नेमकी टेकली, एक सूतही इकडेतिकडे नाही. त्याला दाखवलं. तो म्हणाला, तुमचं बसतंय, त्याचं बघा. मी म्हणालो, आम्ही सख्खे भाऊ आहोत.

त्याच्याकडे एक एकवीस इंची फ्रेम होती, दोन जुन्या फ्रेमा कापून त्यानेच जोडलेली. वर नुसता शेंदरी रंग. ना नाव ना शिक्का. ही बांधून देतो म्हणाला, याच चाकांवर. तेवढ्यात त्याचा पुतण्या सुभान आला आणि कळलं की तोही सव्वीस जानेवारीला उतरणार आहे. सगळा उलगडा झाला. आपल्या पुतण्यापुढे अस्सल विलायती सायकल कोण उभी राहू देईल?

साहेबाला हो म्हणून सांगितलं, घासाघीस केली नाही. कॉलनीपासून एस.टी. स्टँडपर्यंत बसून आलो. पायडलवर पाय ठेवावा तर ही आधीच पुढे गेलेली. दोन वेळा गावाला वळसा घातला आणि एस.टी. चुकली. पुढच्या गाडीच्या टपावर टाकून आणली.

३ नोव्हेंबर

मच्छिंद्रने सायकलीला हात लावून पाहिला. म्हणाला, लई भारी हाय, दादा. मग पाय टाकायला गेला तर दांडा आडवा आला. टाचा उचलून उभा राहिला तरी दांड्याला टेकत होता. सीट पार खाली दाबली. शेवटी पाराच्या दगडावर उभा राहून चढला. उतरताना पडता पडता राहिला.

नवीन गोष्टीला वेळ लागतोच. मला पहिल्या दिवशी काहीच जड गेलं नव्हतं, पण माझी तेव्हाची सवय आहे.

माझी बायको सोजरा दारात उभी होती. म्हणाली, भावजींना नेलं असतं तर. मी म्हणालो, दूध कुणी घातलं असतं?

२३ नोव्हेंबर

रोज पंधरा मैल. मी घड्याळ घेऊन पारावर बसतो. जुन्या सायकलीपेक्षा सात मिनिटं कमी लागतात. सात मिनिटं! मारुतराव पाटील स्वतः बघायला आले होते.

मच्छिंद्रची तक्रार आहे की मान दुखते, कमरेत चमक येते. मी त्याला मागून पाहिलं. पायडल खाली गेलं की त्याचं कंबरडं त्या बाजूला कलंडतं. सांगितलं, सरळ बस. म्हणाला, सरळ बसलं तर हात पोचत न्हाई.

७ डिसेंबर

आज त्याने विचारलं, शर्यत जुन्या सायकलीवर मारली तर चालंल का? घरातल्या कुणी कधी विचार केला नसेल एवढं मी या पोरासाठी केलं, आणि हा म्हणतो, जुनी बरी.

जुनी सायकल घरात आहे तोवर त्याचं मन तिकडेच जाणार. इनामगावचे हौसराव कधीपासून मागत होते. आज नेली त्यांनी. दूध शेजाऱ्यांच्या गाडीतून जाईल. मच्छिंद्र रानातून आला, रिकामी भिंत पाहिली आणि जेवायला बसला. म्हणजे समजलं असावं त्याला.

सोजरा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बायकांना सायकलीतलं काय कळतं?

२१ डिसेंबर

मच्छिंद्र रस्त्याची सवय व्हावी म्हणून चार दिवस दौंडला राहून आला. आला तो सायकलीचं रूप बदलून. हँडलची मान, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारी नळी, काढून तिथे आखूड मान बसवलेली. रहीम मिस्त्रीने केलं म्हणे, फुकट. मच्छिंद्र खुशीत होता. आता जरा बरं वाटतंय म्हणाला, अजून लांबच हाय, पण बरं वाटतंय.

फुकट का, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला. विलायतेतल्या कारागिराने जी लांबी ठेवली, ती दौंडच्या मिस्त्रीने कमी करायची? आणि नेमका सुभानचा चुलता? मी शिरूरला जाऊन मूळची मान परत बसवून आणली. येताना बसूनच आलो. पाऊण तासात न्हावरे. आखूड मानेवर माझे गुडघे हँडलला घासत होते, तो प्रकार आता राहिला नाही.

४ जानेवारी १९५९

मच्छिंद्रच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात. आज सोजरा म्हणाली, भावजींना धार काढता येत नाही, आचळ बोटांतून सुटतं, दोन दिवस मीच काढतेय. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हात पाहिला. वरून काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. तेल चोळायला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “दादा, न्हाई गेलो तर?”

मी म्हणालो, “आता नाही गेलास तर गावात मी तोंड कसं दाखवू?”

त्यावर मान हलवून तो उठून गेला. पोरगं मुळात गुणी आहे.

२५ जानेवारी

दौंडला धर्मशाळेत. सायकल पुसून ठेवली. उद्या सातला सुटणार. मच्छिंद्र शांत झोपलाय. मलाच झोप येईना. पंधरा वर्षांपूर्वी असंच झालं असतं, असं राहून राहून वाटतं. कपाळावर रुमाल बांधायचा की नाही, यावरही मी तेव्हा विचार करून ठेवला होता. उद्या मच्छिंद्रला बांधायला देईन.

२८ जानेवारी

दोन दिवस वही उघडली नाही. झालं ते लिहून ठेवतो.

एकेचाळीस जण होते. मच्छिंद्र कासुर्डीला वळला तेव्हा दुसरा होता. परतीला पाटसपर्यंत तिसरा. हे मला मागून कळलं, मी दौंडात शेवटच्या रेषेवर होतो. पहिले दोघे आले. तिसऱ्याची वाट बघत लोक उभे. बराच वेळ कुणी नाही. मग पाच-सहा जण एकदम आले. त्यात मच्छिंद्र नव्हता.

गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाशी झालं. मालगाडी येत होती म्हणून गेटमन फाटक लावत होता. पहिले दोघे आधीच निघून गेले होते. मच्छिंद्र भरवेगात आला. बघणारे सांगतात, त्याने ब्रेक धरला, पण उजवा हात आवळलाच नाही. डाव्या हाताच्या ब्रेकने चाक तिरकं वळलं. पाय टेकवायला गेला तर जमीन लागेना. दांड्यावर आपटला, तसाच पुढे फेकला गेला आणि रुळाकडेच्या खडीवर उजवा हात खाली घेऊन पडला.

चौथा सुभान होता. तो फाटकाशी थांबला, तसं तर सगळ्यांनाच थांबावं लागलं. गाडी गेली, फाटक उघडलं, बाकीचे सुटले. सुभान निघाला नाही. त्याने मच्छिंद्रचं मनगट स्वतःच्या बनियनमध्ये बांधलं आणि टांगा मिळेतो तिथेच बसून राहिला. तिसरा नंबर जेऊरकडच्या कुणाला तरी मिळाला.

तो का थांबला, कळत नाही. एवढ्या जवळ येऊन कोण थांबतं? दमला असेल.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मच्छिंद्रला टांग्यातून नेलं होतं. सायकल गेटमनच्या खोलीला टेकवून ठेवलेली. मी आधी तिच्याकडे गेलो, हे खरं आहे, कारण ती वाटेतच होती. चिमटा सरळ, चाकं सरळ. एका पायडलला थोडा पोचा. एवढं बरं झालं.

३० जानेवारी

दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि मच्छिंद्रला समोर बसवलं. मनगटाची हाडं दोन ठिकाणी मोडलीत, ती सांधतील. पण करंगळी आणि शेजारचं बोट, ते टाचणीने टोचलं तरी त्याला कळत नाही. हाड मोडण्याच्या आधीपासून बधिरपणा होता का, असं डॉक्टरांनी विचारलं.

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, नाही, कधीच नाही.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. आता विचार करतो तर वाटतं, मुंग्या येणं आणि बधिर होणं या दोन गोष्टी वेगळ्याच ना.

रहीम मिस्त्री दवाखान्यात डबा घेऊन आला होता. त्याच्या बायकोने, जन्नतबीने, रोज पाठवलाय म्हणे. मला बघून बाकावरून उठला, सलाम केला आणि बाहेर गेला. हँडलच्या मानेबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीही काढलं नाही.

१५ मार्च

प्लॅस्टर काढून दहा दिवस झाले. मनगट वळतं, पण मूठ बंद होत नाही. आज किटली उचलली आणि ती अंगणात सांडली. पाच शेर दूध. सोजरा राख टाकून सारवायला बसली. मीच बोललो. म्हणालो, मनाने हात उचल, मनाने. शर्यतीच्या आधीपासून तुझं मनच नव्हतं.

तो तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, “माझं मन व्हतं, दादा. त्या दिशी शिरूरवरनं पहिला आलो तवा लई व्हतं. मला वाटलं, आता तुमी म्हनाल, मच्छिंद्र, पानी पी. तुमी पाटलांशी बोलत व्हता.”

मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध?

“काय न्हाई,” तो म्हणाला.

संध्याकाळी पिशवीत दोन सदरे घालून दौंडच्या एस.टी.त बसला. सोजरा स्टँडवर गेली होती. मी गेलो नाही. दोन दिवसांत परत येईल.

२ एप्रिल

आला नाही. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, मच्छिंद्र काय करतो सध्या? मी म्हणालो, दौंडला, रेल्वेत. ते म्हणाले, वा, शेवटी झालं की काम. सगळ्यांनी चहा मागवला.

तसा तो स्टेशनवरच आहे, म्हणजे अगदीच खोटं नाही. सोजराला कळलं ते तिने मला सांगितलं. स्टेशनच्या सायकल स्टँडवर बसतो. येणाऱ्याची सायकल लावून घ्यायची आणि बिल्ला द्यायचा. रहीम मिस्त्रीच्या ओळखीने मिळालं.

१९ एप्रिल

सोजरा म्हणत होती, सायकल विकून टाका, डोळ्यांसमोर नको. शिरूरचा एक जण विचारूनही गेला होता. मी नाही म्हणालो. वस्तू एकदा गेली की परत मिळत नाही. शाळेला जायला मी तीच वापरतो. पोरं वेशीपर्यंत मागे धावतात.

१० मे

शाळेला सुट्टी लागली. सोजराने लाडू दिले, म्हणाली, स्वतः जाऊन द्या आणि घेऊन या त्याला. सकाळी पाचला निघालो. उन्हं चढायच्या आत दौंड. वाटेत एकदाच थांबलो, तेही पाणी प्यायला. पस्तीशीला आलेल्या माणसाला हे जमतं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

स्टँडवर पत्र्याखाली मच्छिंद्र बसला होता. दाढी वाढलीय. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बिल्ले डाव्या हाताने देत होता. मला पाहून उठला. मी सायकलीवरूनच एक पाय सहज जमिनीवर टेकवून उभा राहिलो आणि विचारलं, कसा आहेस?

तो उत्तर द्यायचं सोडून माझ्या पायाकडे बघत होता. मग दांड्याकडे, मग हँडलवरच्या माझ्या हातांकडे. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“दादा,” तो म्हणाला, “तुमाला बराबर बसली.”

मी म्हणालो, हो, वस्तूच अस्सल आहे. त्याने मान हलवली. लाडू घेतले. वहिनीला बरं आहे म्हणून सांगा, म्हणाला. घरी चल म्हटलं, तर सध्या नको म्हणाला, इथं बरं आहे. आवाजात राग असा कुठेच नव्हता. मग डाव्या हाताने सायकल ओढून घेऊन रांगेत लावली आणि इतरांना देतो तसाच मला बिल्ला दिला.

मनावर एक ओझं होतं, ते उतरलं. त्याच्या मनात आता माझ्याविषयी काही राहिलेलं नाही.